निरोधाचा हिशेब कुठे चुकतो

महिनाभरात किती कंडोम वाटले, या आकड्यावरून एचआयव्ही प्रतिबंधाचा कार्यक्रम जोखायची सवय मोडायला हवी. लागण होते ती ज्या संबंधात कंडोम नव्हता त्यात, आणि वाटपाच्या बेरजेत तो संबंध दिसतच नाही.

देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसाठीच्या सरकारी प्रकल्पांत साधारण 60 जणींमागे एक पीअर एज्युकेटर असते, म्हणजे बाकीच्यांना माहिती आणि कंडोम पोचवणारी, त्याच व्यवसायातली. तिच्या वहीत प्रत्येकीची गरज वेगळी मांडायची. आठवड्याचे पाच दिवस, रोज चार गिऱ्हाइकं, म्हणजे चार आठवड्यांचे 80. फाटणं, वाया जाणं यासाठी दहा टक्के धरले की 88. फक्त बाजाराच्या दिवशी बसणारीला वीस पुरतात. दोघींना सरसकट 50 दिले, तर पहिलीचे तिसऱ्या आठवड्यातच संपतात, दुसरीचे पडून राहतात. कागदावर मात्र वाटप पूर्ण!

हातात असलेला कंडोमही दगा देतो. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलं की लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं. म्हणून पाण्यावर आधारित वंगण सोबत द्यावंच लागतं. एकावर एक दोन चढवले तर घर्षण वाढतं. पत्र्याच्या खोलीतल्या उष्णतेनेही लॅटेक्स खराब होतं.

सगळ्यात अवघड जागा आहे ती 'मालक', म्हणजे कायमचा जोडीदार. गिऱ्हाइकाशी कंडोमचा आग्रह धरणारी बाई त्याच्याशी तो धरत नाही, कारण तिथे विश्वासाचा प्रश्न येतो. इथे जास्त पाकिटं देऊन भागत नाही. त्याचीही तपासणी हवी, आणि लागण असेल तर लगेच एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी रोजची औषधं. रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली आला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही.

हे बारकावे बाहेरच्या माणसाला कोणी सांगत नाही. सांगलीत 'संग्राम' या संस्थेने आणि कोलकात्यात सोनागाछी प्रकल्पाने 1992 पासून या स्त्रियांच्याच हाती काम दिलं, ते म्हणूनच मोलाचं. दवाखाना सकाळी नऊला नको, दुपारी हवा, हे त्यांनाच ठाऊक असतं.

तपासणी दर सहा महिन्यांनी. पण गेल्या आठवड्यातली लागण आजच्या चाचणीत दिसेलच असं नाही. कंडोम फाटला, तर पेपची, म्हणजे संपर्कानंतर लागण टाळण्यासाठीची गोळी 72 तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर सुरू करून 28 दिवस घ्यावी लागते. त्यामुळे रात्री दोन वाजता ती कुठल्या रुग्णालयात मिळेल, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असावं.