एमपीपीला प्रवेश मिळाला, पण पदवी मिळायला काय काय करावं लागतं?

एमपीपी म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक पॉलिसी; पब्लिक पॉलिसी म्हणजे सार्वजनिक धोरण. या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायला अमेरिकेला निघालेली मुलं आणि त्यांचे पालक आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात तेव्हा बोलणं प्रवेशाभोवतीच फिरतं: जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागते का, एसओपी (अर्जासोबतचं हेतू सांगणारं निवेदन) कसं लिहायचं, शिष्यवृत्ती मिळेल का. तिथे गेल्यावर दोन वर्षांत काय पूर्ण करावं लागतं, हा प्रश्न क्वचितच निघतो. तयारी कशाची करायची हे मात्र त्यावरच ठरतं.

बर्कलीचं गोल्डमन स्कूल घ्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या विभागाची सुरुवात १९६९ची. इथलं पहिलं वर्ष मुख्यतः सक्तीच्या विषयांचं असतं: अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, धोरण-विश्लेषण, कायदा आणि शासनयंत्रणेचं राजकारण. कला किंवा विधी शाखेच्या मुलांची दमछाक होते ती संख्याशास्त्रात, कारण गणित दहावी-बारावीलाच सुटलेलं असतं. ऑगस्टमध्ये जायचं असेल तर मार्चपासून रोज तासभर संख्याशास्त्र कराच. एसओपीचा दहावा खर्डा करण्यापेक्षा हा तास जास्त उपयोगी पडेल, असं आमचं ठाम मत आहे. पदवीसाठी जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांचा सरासरी गुणांक, ४ पैकी किमान ३.० राखावा लागतो.

पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात दहा आठवड्यांची इंटर्नशिप असते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर त्यासाठी विद्यापीठाकडून आधी सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी घ्यावी लागते. ती हातात येण्यापूर्वी कामाला सुरुवात करू नका, एक दिवसही नाही.

दुसऱ्या वर्षी शेवटचा मोठा प्रकल्प. तो खऱ्या क्लायंटसाठी करायचा असतो, म्हणजे एखादं सरकारी खातं किंवा सामाजिक संस्था. हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्येही एमपीपीला असाच प्रकल्प असतो. आपल्याकडच्या प्रबंधाची सवय असलेली मुलं इथे अडतात. प्रबंधात विषय समजावून सांगितला की भागतं; इथे ‘हे करा’ असं सांगावं लागतं, आणि का तेही. गोल्डमनमध्ये तर पहिल्याच वर्षी एक प्रकल्प अवघ्या ४८ तासांत पूर्ण करायचा असतो.

याचा सराव घरबसल्या होतो. आपल्या तालुक्यातल्या उन्हाळी पाणीटंचाईवर दोन पानी टिपण लिहा. टँकर, विहिरींचं खोलीकरण, नवी पाइपलाइन हे पर्याय मांडा. आहे तसंच चालू ठेवणं हाही एक पर्याय धरा. प्रत्येकाचा खर्च किती, फायदा कोणाला, विरोध कोणाचा आणि राबवणार कोण ते लिहा. शेवटी एकच पर्याय निवडा. ही निवड करतानाच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं.

पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, साधारणतः १२ महिने काम करता येतं. आणखी २४ महिने हवे असतील तर अभ्यासक्रम स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) बसायला हवा, आणि एमपीपी म्हणजे स्टेमच असं नसतं. विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या आय-२० या कागदावरचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाच्या विषयाचा क्रमांक, बघा. कर्जाचे हप्ते याच हिशेबावर उभे असतात, म्हणून हे पैसे भरण्याआधी तपासा. तीन वर्षांची बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनी ती पदवी चालते का, हे अर्जाआधी त्या-त्या विद्यापीठाला ई-मेल करून विचारावं.

भेटीला येताना बारावीच्या आणि पदवीच्या सगळ्या गुणपत्रिका आणा. पाणीटंचाईवरचं टिपणही आणा, कच्चं असलं तरी चालेल.