लोकांचे दवाखाने आणि मालकीचा प्रश्न: मराठवाड्याची पार्श्वभूमी

सहकाराने मराठवाड्यात साखर कारखाने, दूध संघ आणि जिल्हा बँका उभ्या केल्या, गावोगाव पतसंस्था नेल्या. रुग्णालयापर्यंत मात्र तो फारसा पोचला नाही. मुंबईत दादरला डॉ. वसंत रणदिवे यांच्या पुढाकाराने १९६०च्या दशकात ‘शुश्रूषा’ हे नागरिकांचे सहकारी रुग्णालय निघाले. सोलापुरात अश्विनी सहकारी रुग्णालय आहे. तुळजापूर-उमरग्याकडचे कितीतरी पेशंट आजही सोलापूरच गाठतात. सोलापूर जिल्ह्याची हद्द ओलांडून मराठवाड्यात आलो, की लोकांच्या आरोग्यासाठी टिकून राहिलेले काम बहुतेक ट्रस्टच्या नावावर दिसते.

मुळात इथे आरोग्यसेवाच उशिरा आली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६चे, अंबाजोगाईचे १९७४चे. लातूरकरांना बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने मिरजेला, तिथल्या मिशन हॉस्पिटलात जाता येई, एवढाच काय तो आधार. अशा काळात, १९६६ साली, डॉ. अशोक कुकडे, डॉ. ज्योत्स्ना कुकडे आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी लातुरात विवेकानंद रुग्णालय सुरू केले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. १९८९मध्ये औरंगाबादेत तरुण डॉक्टरांच्या एका गटाने हेडगेवार रुग्णालय काढले. दोन्ही ठिकाणी नफा वाटून घ्यायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेले होते.

मग सहकारी संस्था का नाही काढली? ट्रस्टला देणग्या मिळतात आणि देणाऱ्याला आयकरात सवलत मिळते. सहकारी संस्थेला शेअर भांडवल गोळा करावे लागते, निवडणुका घ्याव्या लागतात आणि निवडणुका आल्या की तालुक्याचे राजकारण आत येते. कारखान्यांत ते सगळ्यांनी पाहिलेच होते, त्यामुळे डॉक्टरांनी ही वाट टाळली असेल तर त्यांना दोष देता येत नाही. पण ट्रस्टमध्ये रुग्ण लाभार्थी राहतो, त्याला मत नसते. सहकारात एक सभासद, एक मत. दवाखाना कुठे हवा, दर काय असावा, कोणती सेवा आधी सुरू करायची, हे ठरवताना हा फरक जाणवतो.

मराठवाड्याच्या अगदी वेशीवर याला वेगळे उत्तर मिळाले होते. जामखेड नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात असले तरी आष्टी, पाटोदा, भूम हे त्याचे शेजारी. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले आणि त्यांनी गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केले. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. बाळंतपण, जुलाब, कुपोषण या गोष्टी त्या हाताळू लागल्या आणि शेतकरी मंडळे व महिला मंडळे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिकडे विदर्भात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने सुगीत ज्वारी घेऊन गावांचा आरोग्य विमा चालवला. हातात रोकड नसलेल्या कुटुंबाला परवडेल अशी ती वर्गणी होती. आपल्याकडे ज्वारीची काय कमी होती!

मराठवाड्यात बायका मोठ्या संख्येने पुढे आल्या त्या किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे सुमारे आठ हजार माणसे गेली. घरबांधणीत लोकांचा सहभाग हवा म्हणून गावोगाव महिला ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. या कामात प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था होती. घरे उभी राहिली, पण या बायका घरी बसल्या नाहीत. त्यांचे बचत गट झाले आणि गटांतून आरोग्याचा विषय निघाला. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या महिलांना ‘भारतवैद्य’, म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, म्हणून तयार केले.

बचत गट ज्याच्या अगदी जवळ पोचले, ती म्हणजे आरोग्याचा सामाईक निधी ही कल्पना. वर्षाला थोडी वर्गणी, ठरलेल्या दवाखान्यांत सवलत, अॅडमिट व्हावे लागले तर खर्चाचा काही भाग निधीतून आणि दावा कोणाचा खरा हे तपासणाऱ्याही गावातल्याच. माझ्या मते सहकाराचा गाभा इथे कारखान्यांपेक्षा जास्त शाबूत होता. अडचण कायद्याची होती. विमा कंपनीला किमान १०० कोटींचे भरणा भांडवल लागत होते, सहकारी संस्था असली तरी. वर्गणीवर चालणाऱ्या निधीला तो उंबरठा ओलांडणे शक्यच नव्हते. २०१२पासून राज्याची जीवनदायी योजना आली, नांदेड तिच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत होते. ठराविक शस्त्रक्रिया आणि उपचार मोफत झाले, ही मोठीच गोष्ट. पण ताप, रोजच्या तपासण्या आणि बायकांची अंगावर काढलेली दुखणी तिच्या बाहेर राहिली.

ती अंगावर काढण्याची किंमत २०१९मध्ये बीडमध्ये समोर आली. ऊसतोड महिलांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांवरून राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. त्यानंतर जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. ‘हे ऑपरेशन खरंच लागतं का?’ हे विचारायचे काम सरकारी अधिकाऱ्याकडे गेले. वर्गणी भरणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या निधीने आणि त्यांनी निवडलेल्या आरोग्यसेविकेने ते विचारावे, अशी व्यवस्था ऊसतोडीच्या गावांत अजून उभी राहायची आहे.