वेल्सच्या खाणवस्तीतील बालपण

दक्षिण वेल्समधील कोळशाच्या खोऱ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९९० पर्यंत मुले ज्या घरांत, कामांत आणि खेळांत वाढली, त्या जीवनपद्धतीची ही नोंद. ऱ्होंदा खोऱ्यात १८५१ मध्ये जेमतेम हजारभर माणसे होती. १९११ पर्यंत ती दीड लाखावर गेली. खोरी अरुंद, म्हणून उतारावर भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या. खाणीचा भोंगा घराघरांत ऐकू येई. जेवण, झोप आणि गप्प बसायची वेळ बापाच्या पाळीवर ठरे. तो रात्रपाळी करून दिवसा झोपला असला, की मुलांची रवानगी रस्त्यावर.

१८४२ च्या कायद्याने स्त्रियांना आणि १० वर्षांखालील मुलग्यांना खाणीत उतरण्यास मनाई केली. तोवर लहान मुले अंधारात तासन्‌तास बसून हवा खेळती ठेवणारी दारे उघडत आणि मिटत. १९११ च्या कायद्याने वयाची ही मर्यादा १४ झाली. घरातल्या कामाला मात्र अशी कोणतीच मर्यादा नव्हती.

खाणकामगाराला सवलतीत मिळणारा कोळसा दारासमोर रस्त्यावरच ओतला जाई. एका खेपेला साधारण टनभर. तो पाट्या-बादल्यांतून मागच्या कोठीत नेणे हे मुलांचे काम. या कोठीला तिकडे ‘कुच’ म्हणतात, आणि कुशीत घेण्यालाही हाच शब्द आहे. मोठी ढेकळे पुढे भिंतीसारखी रचायची आणि चुरा मागे टाकायचा. उलट केले तर चुरा घसरून दाराशी येतो. चुरा वाया जात नसे. ओला करून रात्री चुलीतल्या विस्तवावर थापला, की सकाळपर्यंत निखारा टिके. शेजारच्या म्हातारीचा ढीग आत नेऊन दिला, तर हातावर एखादे नाणे पडे.

सगळ्यांत जड काम पाण्याचे होते. खाणीवर न्हाणीघरे होण्यापूर्वी पुरुष काळे होऊनच घरी येत आणि चुलीसमोर पत्र्याच्या टबात अंघोळ करत. आधी गुडघ्यांवर बसून कमरेवरचे अंग, मग टबात उतरून खालचे. पाठ मात्र पुष्कळजण धुऊ देत नसत. धुतल्याने ती कमकुवत होते अशी समजूत होती. बाप आणि मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांना असले, तर दिवसातून दोन-तीनदा पाणी तापवावे लागे. आया त्या बादल्या उचलून खंगत. मुलीही लवकरच या कामाला जुंपल्या जात. त्या छोट्या खोलीतच तान्ही मुले रांगत असत आणि उकळत्या पाण्याने भाजून कित्येक दगावली. खाणमृत्यूंच्या यादीत ही मुले कुठेच नाहीत, हे खरोखर अन्यायाचे आहे. वेल्समध्ये खाणीवरचे पहिले न्हाणीघर १९१६ मध्ये ट्रेहॅरिसला झाले. १९२६ मध्ये जमीनमालकांना कोळशापोटी मिळणाऱ्या स्वामित्वधनावर कर बसवून न्हाणीघरांसाठी निधी उभारला गेला. तरीही अनेक खाणींना ती १९५० च्या दशकातच मिळाली.

बापाच्या डब्यात उरलेला पावाचा तुकडा मुलांना खाऊसारखा वाटे. रविवारी प्रार्थनामंदिराची शाळा असे. नववर्षाच्या सकाळी सफरचंदाला काड्यांचे तीन पाय लावून, वर हिरवी डहाळी खोचून मुले दारोदार गात आणि नाणी मिळवत. या प्रथेचे नाव ‘कॅलेनिग’. दुपारी १२ नंतर गेल्यास काही मिळत नसे.

खेळायला डोंगर होते आणि खाणीतून निघालेल्या दगड-चुऱ्याचे ढिगारे. पत्र्यावर किंवा पुठ्ठ्यावर बसून त्यांवरून घसरत यायचे. १९२६ मध्ये मेपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत खाणी बंद होत्या. तेव्हा याच ढिगाऱ्यांतून कोळसा वेचून घरे तापवली गेली. पण अ‍ॅबरव्हॅन गावाच्या वर ७ क्रमांकाचा ढीग झऱ्यावर रचला होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास पाण्याने फुगलेला तो ढीग पँटग्लास शाळेवर कोसळला. १४४ माणसे मेली. त्यांत ११६ मुले होती. चौकशी आयोगाने १९६७ मध्ये खाणी चालवणाऱ्या सरकारी राष्ट्रीय कोळसा मंडळाला दोषी ठरवले. तरीही उरलेले ढीग हलवण्यासाठी पीडितांच्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले गेले आणि ते १९९७ मध्ये परत मिळाले.

ऱ्होंदातली शेवटची खाण, मार्डी, १९९० मध्ये बंद झाली. कार्डिफजवळच्या सेंट फेगन्स संग्रहालयात मर्थरहून हलवलेली सहा घरांची रांग आहे. १८०५ ते १९८५ पर्यंतच्या वेगवेगळ्या काळांनुसार ती घरे सजवली आहेत.