गावाकडचं जुनं घर नेमकं किती वर्षांचं? कुठला उतारा कुठं मागायचा

आमचं पाटण तालुक्यातलं घर दीडशे वर्षांचं आहे असं लहानपणापासून ऐकत आलो, आणि ग्रामपंचायतीतनं नमुना ८ काढला तर त्यात बांधकामाचं वर्ष १९७०! आजी खोटं बोलत नव्हती आणि कागदही खोटा नव्हता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात भिंती बसल्या, मग त्याच जोत्यावर घर परत उभं केलं. म्हणून आधी ठरवा की तुम्हाला जोत्याचं वय पाहिजे, भिंतींचं, का घराण्याकडं ती जागा कधी आली ते, कारण तिन्हीचे कागद वेगळे.

सुरुवात ग्रामपंचायतीपासनंच करा. नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही, तिचा चालू उतारा साध्या अर्जावर मिळतो, सोबत आधार आणि घरपट्टीची पावती जोडा, उतारा आजोबांच्या नावावर असेल तर मृत्यू दाखला आणि वारसाचा कागद पण. पण चालू उताऱ्यावर थांबू नका, त्यातलं वर्ष बऱ्याचदा कर बसवताना अंदाजानं टाकलेलं असतं. अर्जात स्पष्ट लिहा, 'उपलब्ध असलेल्या सर्वात जुन्या आकारणी नोंदवहीतील नोंद'. आमच्या ओळखीच्या एकाला एका कार्यालयात सांगितलं की रजिस्टरला वाळवी लागली, मग माहिती अधिकारात अर्ज टाकल्यावर तेच रजिस्टर कपाटातनं निघालं. त्या अर्जाला १० रुपये फी, पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि आपल्याकडं एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत बसवावा लागतो. झेरॉक्स मागण्याआधी रजिस्टर बघायला मागा, पहिला तास फुकट असतो. घर तुमच्या नावावर नसलं तरी हा रस्ता मोकळा आहे.

गाव मोठं असेल आणि गावठाणाचा सिटी सर्व्हे झाला असेल तर भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसात जा. प्रॉपर्टी कार्ड सगळेच मागतात, पण खरा माल चौकशी नोंदवहीत असतो. सर्व्हेच्या वेळी घरमालकाला विचारून 'वडिलोपार्जित', 'अमक्याकडून खरेदी' असं लिहून घेतलेलं असतं, त्याची नक्कल सिटी सर्व्हे नंबर टाकून मागायची. ड्रोनचं स्वामित्व योजनेतलं कार्ड मात्र २०२० नंतरचं, घराच्या वयासाठी त्याचा काही उपयोग नाही.

खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र दुय्यम निबंधकाकडं शोधायचं. जुन्या दस्तात 'पाच खणी घर, पुढे सोपा, मागे परसू' असं वर्णन आणि चतुःसीमा असते, ते आजच्या घराशी ताडून बघा, खण, म्हणजे दोन तुळयांमधले गाळे, जुळले तर घर निदान तेवढं जुनं धरायला हरकत नाही. जन्म-मृत्यूचा नमुना १४ तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतो, त्यातनं घराचं वय नाही पण पिढ्या कळतात.

आता सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथं. सांगली जिल्हा १९४९ ला 'दक्षिण सातारा' म्हणून झाला, सांगली हे नाव १९६० चं. त्यामुळं वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूरकरांनी जुन्या दप्तराची चौकशी साताऱ्यातही करावी. आटपाडी औंध संस्थानात, जत स्वतःच संस्थान, मिरज सांगलीकडचंही तसंच, म्हणजे १९४८ आधी तुमचं गाव कुणाच्या ताब्यात होतं हे कळल्याशिवाय नुसता अर्ज करून हेलपाटेच होतात. इनाम असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दप्तरात, बघायचं. तिथला बराच कागद मोडीत आहे, आणि कुणबी नोंदींच्या शोधानं हल्ली मोडी वाचणाऱ्यांना चांगलाच भाव आलाय, तेव्हा वाचणारा माणूस आधी गाठा.

तारखा शके किंवा फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सनात, असतात. शकेत ७८ मिळवा, शके १८१२ म्हणजे १८९०, जानेवारी ते मार्चची तारीख असेल तर ७९. फसलीत ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो.

कागद आणि घर जुळत नसेल तर मधी काय घडलं ते विचारा. पाटण, कऱ्हाडकडं भूकंप, कृष्णाकाठी २००५ आणि २०१९ चा पूर, आणि बऱ्याच गावांत वाड्यांच्या बाबतीत गांधीहत्येनंतरचं अठ्ठेचाळीसचं जळीत, म्हातारी माणसं आधी बोलत नाहीत पण विचारलं तर सांगतात. पुरात कागद भिजून गेला असेल तर त्या वेळच्या पंचनाम्याची नक्कल तहसीलात मागा, त्यात पडलेलं घर मातीचं का दगडी हे लिहिलेलं असतं.

आणि छपरावर मंगलोरी कौल असेल तर एक कौल उतरवून शिक्का बघा, पण त्यावर १८६५ दिसलं म्हणून नाचू नका. ते मंगळुरातल्या बासेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचं स्थापनेचं साल आहे. मिरजेकडं रेल्वेच मुळी १८९० च्या आसपास आली, त्याआधी मंगळुराहून एवढी कौलं बैलगाडीतनं कोण आणणार होतं?