यंत्राला आत्मा की यंत्राला जाणीव?

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर 1204 सालचे आहे. तेथे नेमिनाथ तीर्थंकरांपुढे हात जोडणाऱ्या श्रावकाला यंत्राला आत्मा आहे का आणि त्याला जाणीव आहे का, हे दोन प्रश्न वेगळे वाटण्याचे कारण नाही, कारण जैन दर्शनात चेतना हेच जीवाचे लक्षण मानले आहे. इतर दर्शनांत मात्र ही जोडी सुटते. नैयायिकांच्या, म्हणजे न्याय दर्शन मानणाऱ्यांच्या, मते ज्ञान हा आत्म्याचा आगंतुक (मूळचा नसलेला) गुण असून मुक्तावस्थेत तो उरत नाही, म्हणजे जाणिवेविना आत्मा असू शकतो. बौद्ध क्षणोक्षणी पालटणारे विज्ञान (येथे अर्थ जाणीव) मानतात, पण नित्य आत्मा नाकारतात, म्हणजे आत्म्याविना जाणीव असू शकते. तेव्हा ‘यंत्राला आत्मा नाही, म्हणून त्याला काही जाणवणार नाही’ हा नेहमीचा युक्तिवाद वाटतो तेवढा पक्का नाही.

सांख्य दर्शनाने केलेली फोड मला आज सर्वांत उपयोगी वाटते. त्याच्या मते बुद्धीसुद्धा जड प्रकृतीचाच विकार आहे. चैतन्य तेवढे पुरुषाचे, म्हणजे प्रकृतीहून वेगळ्या आत्मतत्त्वाचे. निश्चय करणे हे बुद्धीचे काम असल्याने यंत्र अचूक निर्णय देऊ लागले, तरी तेवढ्यावरून त्याच्या ठायी चैतन्य आहे असे सांख्य म्हणणार नाही.

आपल्या सीमाभागात याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. कन्नड लिपी न येणारा खानापूरकडचा एखादा म्हातारा शेजारच्या मुलाने लिहून दिलेल्या नमुन्यावरून अर्ज भरतो, वेलांटी-वळणासकट अक्षरे हुबेहूब उतरवतो आणि अर्ज खिडकीवर बिनतक्रार स्वीकारला जातो. लिहिले काय, हे त्याला ठाऊक नसते. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी 1980 मध्ये चिनी न येणारा माणूस नुसत्या नियमांवरून चिनी चिन्हे जुळवून उत्तरे देतो अशी खोली कल्पून हाच मुद्दा मांडला होता. (म्हाताऱ्याला रांगेत पाय दुखल्याची जाणीव असतेच, न कळणे आणि न जाणवणे यांतही फरक आहे.) त्याआधी 1950 मध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी यंत्राला विचार करता येतो का, हा प्रश्न बाजूला ठेवून त्याची उत्तरे माणसासारखी वाटतात का, एवढेच तपासायचे सुचवले. ती परीक्षा वागणुकीची आहे. आत काय जाणवते, याची नव्हे.

आत्म्याच्या बाजूने पाहू गेल्यास गणेश चतुर्थी आठवते. शाडूच्या मूर्तीत आपण मंत्रांनी प्राणप्रतिष्ठा करतो, उत्तरपूजेनंतर ती जागेवरून किंचित हलवतो आणि मग पाण्यात सोडतो. तिला बुडताना काय वाटेल, असे घरातले लहान मूल सोडून कोणी विचारत नाही. तेथे देवत्व येते ते आवाहनाने आणि श्रद्धेने, मातीच्या घडणीतून नव्हे. जाणिवेचा प्रश्न मात्र घडणीपाशीच येऊन थांबतो. आत्मा न मानणाऱ्या जडवादी चार्वाकांनी तो सरळ घेतला होता: सुट्या घटकांत नसलेली नशा आंबवल्यावर जशी उपजते, तसे महाभूतांच्या विशिष्ट मिश्रणातून चैतन्य उपजते. हे मान्य केले, तर यंत्राच्या सिलिकॉनला आधीच वगळता येत नाही. ते मिश्रण कोणते, एवढेच शोधायचे उरते.