पार्श्वभूमी : रानात व्हीलचेअर चालते का?

अमेरिकेत शिकारीला परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो आणि किती जनावरे मारायची तेही ठरलेले असते. अपंग शिकाऱ्याची गाठ शरीराच्या अडचणीआधी या नियमांशी पडते, कारण ते धडधाकट माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले होते. वाहनातून गोळी झाडायची नाही, हा त्यातला एक. रस्त्याकडेने होणारी चोरटी शिकार थांबवायला तो हवाच होता. पण ज्याला गाडीतून उतरताच येत नाही, त्याला या नियमाने सरळ घरी बसवले. पुढे अनेक राज्यांनी खास परवान्यावर उभ्या वाहनातून नेम धरायची मुभा दिली.

अपंगांना मैदानात आणि रानात उतरवणाऱ्या या चळवळीचे मूळ युद्धाच्या जखमांत आहे. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी १६ जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकची सुरुवात ती हीच. पहिला मान धनुष्याला मिळाला, कारण कंबरेखाली बळ नसले तरी प्रत्यंचा ओढता येते. अमेरिकेत पुढची पावले बर्फावर पडली. १९७० मध्ये कोलोराडोच्या विंटर पार्कमध्ये हातपाय गमावलेल्या मुलांना स्कीइंग शिकवायला सुरुवात झाली.

रानाचा प्रश्न मात्र अडून राहिला होता. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने राखीव रानांत मोटारीच नव्हे, तर यांत्रिक वाहतूकही बंद केली. तिथे सायकलसुद्धा चालत नाही. मग व्हीलचेअर यंत्र की पाय? उत्तर यायला १९९० उजाडले. त्या वर्षीच्या अपंग हक्क कायद्याने स्पष्ट केले की व्हीलचेअरला राखीव रानात बंदी नाही. पण व्हीलचेअर कशाला म्हणायचे? केवळ चालता न येणाऱ्यांसाठी बनवलेले आणि इमारतीच्या आत वापरता येईल असे साधन. रानात काय चालेल हे घरातल्या फरशीवरून ठरवायचे, ही गंमतच! बॅटरीची खुर्चीही त्यात बसते. सरकारवर रानात वाट बांधून द्यायचे बंधन मात्र नाही, हेही त्याच कलमात आहे.

राखीव रानाबाहेर बदल जास्त वेगाने झाले. पायवाटा, तंबूच्या जागा अपंगांना वापरता याव्यात म्हणून २०१३ मध्ये केंद्रीय मानके आली. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या खुर्च्या चिखल आणि ओंडके पार करू लागल्या. कोलोराडोच्या स्टॉन्टन राज्य उद्यानात २०१७ पासून त्या पर्यटकांना वापरायला मिळतात.

क्रॉसबोची कथा वेगळ्या वळणाची. साधे धनुष्य ताणून धरून ठेवावे लागते. क्रॉसबोची दोरी एकदा ओढली की अडकून राहते आणि नंतर फक्त घोडा दाबायचा. पारंपरिक धनुर्धारी शिकाऱ्यांना ती जवळपास बंदूकच वाटे, म्हणून धनुष्याच्या हंगामात तिला मज्जाव असे. डॉक्टरचा दाखला असलेल्या अपंगांपुरता अनेक राज्यांनी अपवाद केला. आता बऱ्याच राज्यांत ती सर्वांनाच खुली आहे. दार उघडले अपंगांसाठी, आत शिरले सगळे.

खरा वाद पेटला २००५ च्या सुमारास, टेक्सासमध्ये. तिथल्या एका खासगी शिकारक्षेत्रावर इंटरनेटने चालणारी रायफल बसवली गेली. घरी संगणकासमोर बसायचे, पडद्यावर जनावर दिसले की माऊस दाबायचा. अंथरुणाला खिळलेल्यांनाही शिकार करता येईल, असे समर्थन झाले. विरोध प्राणिमित्रांनी केला, तसाच शिकारी संघटनांनीही. त्याच वर्षी टेक्सासने या प्रकारावर बंदी घातली. मला ती पटते, कारण त्यात जंगलच उरत नव्हते.

याच टेक्सासने २००७ मध्ये अंध शिकाऱ्यांना लेझर लावलेली बंदूक वापरायची परवानगी दिली. अट अशी की शेजारी डोळस सोबती हवा. अंध माणूस रायफल खांद्याला लावतो, लेझरचा ठिपका जनावराच्या अंगावर कुठे पडला ते सोबती पाहतो आणि हलक्या आवाजात सांगतो, "थोडं डावीकडे... अजून थोडं." घोड्यावरचे बोट अंध माणसाचेच असते.