युद्ध कशामुळे, युद्ध कशासाठी

राज्यसेवेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या आठवड्यात एक उत्तर तपासायला आणलं. प्रश्न असा: 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा अब्राहम लिंकनपुढे कोणती आव्हानं होती? उत्तराचं पहिलंच वाक्य होतं, "गुलामगिरी नष्ट करण्यासाठी लिंकनने दक्षिणेशी युद्ध पुकारले." मी त्याखाली लाल रेघ ओढली. ती जरा गोंधळली आणि म्हणाली, "मग मावशी, ते युद्ध राज्यांच्या हक्कांवरून झालं म्हणतात, ते खरं का?" त्याखालीही रेघच ओढावी लागली असती.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात इतकी वर्षं इतिहास शिकवते आहे. ही दोन वाक्यं दरवर्षी माझ्यापुढे येतात, आणि एक खोडून काढलं की मुलं थेट दुसऱ्यावर जाऊन आदळतात. दोन्ही चुका एकाच शब्दातून निघतात. तो शब्द म्हणजे 'का'. युद्ध का झालं, असं विचारलं की त्यात दोन प्रश्न येतात: ते कशामुळे झालं, आणि ते कशासाठी लढलं गेलं. मराठीत दोन्हींसाठी वेगळे शब्द आहेत, तरी आपण एकट्या 'का'वर भागवतो.

खरं तर ग्वाल्हेरकरांना हा फरक समजावून सांगायची गरज पडू नये. फुलबागेतल्या राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवरून आपण रोज येतो-जातो. 1857 चा भडका मेरठच्या छावणीत काडतुसांवरून उडाला. राणी लक्ष्मीबाई लढल्या त्या 1854 साली खालसा केलेल्या झाशीसाठी. शिंदे दरबाराचं गणित तिसरंच होतं. राणीसाहेब काडतुसांसाठी लढल्या असं इथलं शाळकरी पोरही म्हणणार नाही. हाच विवेक अटलांटिकपलीकडे गेला की कुठे हरवतो, मला कळत नाही.

गुलामगिरी काय होती, युद्ध उत्तरेने जिंकलं, 1865 साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी गेली, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर म्हणजे युनियन आणि दक्षिण म्हणजे संघराज्यातून फुटून निघालेली कॉन्फेडरसी, ही नावं पाठ असली की पुरे.

आता 'कशामुळे'. उत्तर एका शब्दात आहे: गुलामगिरी. यात मला मतभेदाला जागा दिसत नाही, कारण फुटून निघालेल्यांनी ते स्वतःच लिहून ठेवलंय. नोव्हेंबर 1860 मध्ये लिंकन निवडून आला. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत मतपत्रिकेवर त्याचं नावही नव्हतं. 20 डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटलं आणि 1 फेब्रुवारी 1861 पर्यंत सात राज्यं बाहेर पडली. मिसिसिपीने आपल्या जाहीरनाम्यात सांगून टाकलं की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. कॉन्फेडरसीचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने 21 मार्चला सव्हानात भाषण केलं. गोऱ्यांच्या बरोबरीचा काळा नाही, या तत्त्वावरच आमच्या सरकारची कोनशिला बसवली आहे, असा त्या भाषणाचा अर्थ होता.

'राज्यांच्या हक्कांसाठी' हे वाक्य ऐकलं की मला खरोखर चीड येते. साउथ कॅरोलायनाचा जाहीरनामा काढून वाचा. त्यात तक्रार आहे ती उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत याची. न्यूयॉर्कमधून गुलाम सोबत घेऊन प्रवासही करता येत नाही, याचीही. म्हणजे उत्तरेतल्या राज्यांनी आपला हक्क वापरला, हाच त्यांच्या लेखी अपराध होता. 1860 च्या जनगणनेत या देशात जवळजवळ 40 लाख माणसं गुलाम म्हणून मोजली गेली होती. त्यांना 'हक्क' या शब्दाखाली गाडून टाकू नका.

इथवर आलं की मुलं म्हणतात, कारण गुलामगिरी होती ना, मग लिंकन ती संपवायलाच लढला. इथेच पाय घसरतो. एक बाजू ज्या भीतीने घर सोडून गेली, तेच दुसऱ्या बाजूचं ध्येय होतं, असं आपोआप ठरत नाही. लिंकनचा पक्ष गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देणार नव्हता, एवढंच त्याचं वचन होतं. 4 मार्च 1861 ला शपथ घेताना त्याने जाहीर सांगितलं की जिथे गुलामगिरी आहे तिथे हात घालण्याचा माझा इरादा नाही, मला तसा अधिकारही नाही. मात्र एकही राज्य आपल्या मर्जीने संघराज्यातून बाहेर पडू शकत नाही, यावर तो अढळ होता. 'कशासाठी'चं 1861 मधलं उत्तर हे: संघराज्य टिकवण्यासाठी.

हे त्याने इतक्या जपून का मांडलं, ते त्या दिवसांत शिरल्याशिवाय कळत नाही. शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या हातात केंद्र सरकारच्या सम्टर किल्ल्यावरचा अधिकारी मेजर अँडरसन याचं पत्र पडलं. चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी, फुटलेल्या राज्याच्या तोफांच्या गराड्यात हा किल्ला होता, आणि आतला शिधा फार तर सहा आठवडे पुरणार होता. किल्ला सोडला तर फूट मान्य केल्यासारखं होणार. सैन्य घुसवलं तर युद्ध आपण सुरू केलं असं होणार. सरसेनापती स्कॉट म्हणत होता, सोडून द्या. लिंकनने आधी साउथ कॅरोलायनाच्या गव्हर्नरला निरोप पाठवला की फक्त अन्न पाठवतोय, आणि मग जहाजं सोडली. 12 एप्रिलला पहाटे साडेचारला दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या. म्हणून भाचीच्या वाक्यातलं 'पुकारले'ही चूक. पहिला गोळा दक्षिणेने डागला. लिंकनने तर युद्धाची घोषणा कधी केलीच नाही, कारण घोषणा परक्या देशाविरुद्ध करतात आणि दक्षिण परका देश आहे हेच त्याला मान्य नव्हतं.

15 एप्रिलला त्याने 75,000 स्वयंसेवक मागितले, तेही 90 दिवसांसाठीच. हातातली खडी फौज होती जेमतेम 16,000, आणि तिच्यातली बरीचशी दूर पश्चिमेच्या ठाण्यांवर. संसदेचं अधिवेशन चालू नव्हतं. ते त्याने 4 जुलैला बोलावलं. ही मागणी होताच व्हर्जिनिया फुटलं, पाठोपाठ आणखी तीन राज्यं गेली आणि सातांची अकरा झाली.

आता नकाशा उघडा. वॉशिंग्टनच्या एका अंगाला फुटलेलं व्हर्जिनिया, बाकी तिन्ही अंगांना मेरीलँड. मेरीलँडमध्येही गुलामगिरी होतीच. 19 एप्रिलला मॅसॅच्युसेट्सची पलटण राजधानीकडे निघाली. बाल्टिमोरमध्ये एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर डबे घोडे जुंपून ओढत न्यावे लागत. तिथे जमावाने पलटणीला गाठलं, दगड आले, गोळ्या चालल्या, दोन्हीकडची माणसं मेली. मग रेल्वेचे पूल जाळले गेले, तारा तुटल्या. राजधानी काही दिवस एकटी पडली. 25 एप्रिलला न्यूयॉर्कची सातवी रेजिमेंट पोहोचली तेव्हा कुठे लोकांच्या जिवात जीव आला. दोनच दिवसांनी लिंकनने फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन या पट्ट्यात अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागण्याचा हक्क स्थगित केला. हा अधिकार संसदेचा, असं सरन्यायाधीश टेनीने त्याला सुनावलं. तो वाद आजही होतो, आणि होत राहावा.

मेरीलँड, डेलावेअर, केंटकी आणि मिसुरी ही चार राज्यं गुलामगिरी पाळणारी, पण न फुटलेली. परीक्षेत लिहिण्यासारखं खरं आव्हान हे, आणि मुलं नेमकं तेच गाळतात. या चार राज्यांत चार लाखांहून जास्त गुलाम होते. म्हणजे लिंकनच्या स्वतःच्या बाजूलाही मालक होते आणि त्यांची पोरं त्याच्याच फौजेत होती. त्या वर्षी 'गुलामगिरी संपवायला लढतोय' असं तो म्हणाला असता, तर हे पट्टेच्या पट्टे पलीकडे गेले असते.

तसं एकाने म्हणून पाहिलंही. 30 ऑगस्टला मिसुरीतल्या जनरल फ्रेमाँटने परस्पर फर्मान काढलं की इथल्या बंडखोरांचे गुलाम आजपासून मुक्त. उत्तरेत जल्लोष झाला. लिंकनने आधी ते बदलण्याची विनंती केली आणि तो ऐकेना तेव्हा 11 सप्टेंबरला बदलायला लावलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. लिंकन म्हटलं की आपल्याकडे शाळेच्या भिंतीवरचं ते हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र आठवतं. त्याच्या संकलित लेखनात ते पत्र नाही. मुलांना त्याचं खरं पत्र वाचायला द्यायचं असेल तर 22 सप्टेंबर 1861 चं द्या. फ्रेमाँटची बाजू घेणाऱ्या ब्राउनिंग या आपल्या मित्राला त्याने ते लिहिलं होतं. त्यात तो सांगतो की फर्मानाची बातमी ऐकून स्वयंसेवकांच्या एका अख्ख्या तुकडीने हत्यारं खाली टाकली आणि ती घरी गेली. केंटकी गेलं तर सगळा डावच गेल्यासारखं आहे. मग मिसुरी राहत नाही, मेरीलँडही नाही, आणि हे काम आपल्या आवाक्याबाहेर जातं. केंटकी त्याची जन्मभूमी होती, पण पत्रात ओढ दिसत नाही, हिशेब दिसतो.

पण 'कशासाठी' जागचं हलणारच नाही असं मुळीच नव्हतं. ते हलवायला सुरुवात केली गुलामांनी. मे 1861 मध्ये एका रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे होडी वल्हवत व्हर्जिनियातल्या, पण युनियनच्या ताब्यातल्या मन्रो किल्ल्यावर आले. पलीकडे दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चे बांधायला त्यांना जुंपलं होतं. मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन आला आणि कायद्याने गुलाम परत मागू लागला. किल्ल्यावरचा जनरल बटलर मूळचा वकील. तो म्हणाला, तुम्ही परका देश झालात ना, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू? त्याने तिघांना शत्रूची युद्धसामग्री ठरवून ठेवून घेतलं. 'सामग्री' हा शब्द माणसाला लावलेला वाचताना मला आजही टोचतो. पण त्या शब्दाच्या आडोशाने पुढे हजारो माणसं युनियनच्या छावण्यांत येत गेली. कारण आणि ध्येय एकमेकांकडे सरकायला लागले ते इथून.

22 जुलै 1862 ला लिंकनने गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला. ऑगस्टमध्ये त्याने ग्रीली या संपादकाला लिहिलेलं, संघराज्य वाचवणं हेच माझं ध्येय असं सांगणारं पत्र 'त्याला गुलामांचं काही नव्हतं' याचा पुरावा म्हणून वारंवार फिरवलं जातं. फिरवणारे हे सांगत नाहीत की मसुदा तेव्हा तयार होता आणि तो रणांगणावरच्या विजयाची वाट पाहत होता. 1 जानेवारी 1863 ला जाहीरनामा निघाला आणि युद्ध दोन गोष्टींसाठी लढलं जाऊ लागलं. पुढे सुमारे 1,80,000 काळे सैनिक युनियनच्या फौजेत लढले.

आपल्याकडे गोंधळ होतो त्याचं एक कारण मला चांगलं वाटतं. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जनांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. मराठी माणसाला या युद्धाची ओळख झाली ती अशी, शेवटाकडून. जोतीरावांचं काही चुकलं नव्हतं. 1873 मध्ये उभं राहून मागे पाहिलं की तेच दिसायला हवं. 1861 च्या प्रश्नाला मात्र 1861 मध्ये उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

आणि त्या वर्षीच्या सावधपणाची किंमत कोणी मोजली, हेही उत्तरात यायला हवं असं मी भाचीला सांगितलं. 1863 चा जाहीरनामा त्या चार राज्यांना लागूच नव्हता. मेरीलँड आणि मिसुरीने पुढे स्वतःच गुलामगिरी रद्द केली. केंटकी आणि डेलावेअर अडून बसले. ज्या केंटकीला सांभाळण्यासाठी फ्रेमाँटचं फर्मान फिरवलं, तिथे उरलेल्या गुलामांची सुटका तेरावी दुरुस्ती मंजूर झाली तेव्हा, डिसेंबर 1865 मध्ये झाली. लिंकनला जाऊन तेव्हा सात महिने उलटले होते.